डॉक्टर व्हायचंय? मग काय वाचायचं आणि कोणत्या क्रमानं

नीटचा निकाल लागून प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की ओळखीपाळखीतून एकच विचारणा येते : "पोरीला एमबीबीएसला मिळालंय, कोणती पुस्तकं घेऊन ठेवू?" विचारणारे वडील बहुधा पुस्तकाच्या दुकानातच उभे असतात आणि दुकानदारानं पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतचा सगळा गठ्ठा समोर मांडलेला असतो.

माझं उत्तर ठरलेलं आहे. गठ्ठा परत करा. वैद्यकातलं वाचन डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला चिकटलं तरच टिकतं. डिसेक्शन हॉलमध्ये पाहिलेली रक्तवाहिनी, वॉर्डात धाप लागून बसलेला पेशंट, गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र. जे पाहिलं त्याबद्दल त्याच आठवड्यात वाचलं की ते डोक्यात बसतं. म्हणून खाली पुस्तकांची नावं दिली आहेत, पण सगळी एकदम घेण्यासाठी नव्हे. कोणतं कधी उघडायचं तेही सोबत सांगितलं आहे. मराठी माध्यमातून, तालुक्याच्या गावातून सरकारी मेडिकल कॉलेजात गेलेल्यांपैकी मी एक. त्यामुळे हे लिहिताना तसेच विद्यार्थी डोळ्यांसमोर आहेत. बाकीच्यांनी हवं ते उचलावं.

हाताशी काय असावं

- गावातल्या किंवा जिल्ह्याच्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व. दुसऱ्या टप्प्यातली जवळजवळ सगळी मराठी पुस्तकं तिथे मिळतात.
- कॉलेजचं ओळखपत्र, ग्रंथालयाचं कार्ड आणि अनामत रकमेची पावती. ही पावती जपा, कॉलेज सोडताना लागते.
- अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तकपेढीची योजना असते. जातीचा दाखला आणि प्रवेशाच्या कागदांच्या प्रती तयार ठेवा आणि पहिल्याच आठवड्यात ग्रंथपालांना भेटा.
- खिशात मावेल असा वैद्यकीय शब्दकोश. 'डोरलंड'ची छोटी आवृत्ती पुरते.
- शरीररचनेचा एक ॲटलास, रंगीत पेन्सिली आणि दोन जाड कोऱ्या वह्या.

1. आपण कुठे उभे आहोत ते आधी पाहा

अकरावी-बारावीत असाल तर वैद्यकीय पाठ्यपुस्तकांना हात लावू नका. नीटला एनसीईआरटीची पुस्तकंच ओळ न् ओळ वाचावी लागतात आणि त्यातच वेळ जातो. परीक्षा मराठीतूनही देता येते, पण महाराष्ट्रात पुढचं एमबीबीएस इंग्रजीतून आहे, हे लक्षात घेऊन भाषा निवडा. या दोन वर्षांत अवांतर म्हणून फक्त पुढच्या टप्प्यातली मराठी पुस्तकं वाचा, तीही झोपण्याआधी, विरंगुळा म्हणून.

निकालानंतर कॉलेज सुरू होईपर्यंतचे जे थोडे आठवडे मिळतात, ते सोन्यासारखे. टप्पा 2 आणि 3 त्यांच्यासाठी आहेत.

2. पहिली पुस्तकं मराठीतली घ्या

या पेशात आपण नेमकं काय करणार आहोत याची कल्पना प्रवेश घेणाऱ्या बहुतेकांना नसते. गुण पडले म्हणून आलेले असतात. ती कल्पना पाठ्यपुस्तकातून येत नाही. ती येते डॉक्टरांच्या आत्मकथनांतून, आणि या बाबतीत मराठी श्रीमंत आहे.

सुरुवात डॉ. हिम्मतराव बावस्करांच्या 'बॅरिस्टरचं कार्टं'पासून करा. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून, कमालीच्या गरिबीतून आलेला मुलगा डॉक्टर होतो, कोकणात महाडजवळच्या आरोग्य केंद्रात लागतो आणि विंचूदंशानं मरणाऱ्या मुलांकडे पाहून स्वस्थ बसत नाही. कोकणातल्या लाल विंचवाचं विष हृदयावर आणि रक्तदाबावर घाला घालतं. त्यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध उपयोगी पडतं, हे त्यांनी दाखवून दिलं. तालुक्याच्या ठिकाणी बसून जगाला उपयोगी पडणारं संशोधन करता येतं, हे आधी एकदा मनात रुजू द्या. या पुस्तकाकडे आपण टप्पा 7 मध्ये परत येणार आहोत, म्हणून वाचताना विंचवाच्या प्रकरणांवर खूण करून ठेवा.

मग डॉ. प्रकाश आमटे यांचं 'प्रकाशवाटा'. भामरागडच्या जंगलात हेमलकशाला 1973 साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथे डॉ. प्रकाश आणि भूलतज्ज्ञ असलेल्या डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आधी माडिया भाषा शिकून घेतली आणि लोकांचा विश्वास मिळवला. हे वाचताना एक गोष्ट टिपा : कोणत्या गोष्टी त्यांना कॉलेजात शिकवल्या होत्या आणि कोणत्या तिथे जाऊन शिकाव्या लागल्या. वहीत दोन रकाने करा. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब होतो.

शहरातल्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाचं जग बघायचं तर डॉ. रवी बापट यांचं 'वॉर्ड नं. पाच, केईएम'. शल्यचिकित्सक कसा घडतो, यासाठी डॉ. वि. ना. श्रीखंडे यांचं '...आणि दोन हात'. ज्यांना सर्जनच व्हायचंय असं बारावीतच ठरलेलं असतं, त्यांनी ही दोन्ही लागोपाठ वाचावीत. ऑपरेशन थिएटरबाहेर सर्जनला किती काम असतं, ते कळेल.

डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' मात्र वेगळ्या कारणासाठी वाचा. इथे डॉक्टर स्वतः पेशंट होऊन खाटेवर पडला आहे. छातीत दुखायला लागल्यावर माणसाच्या मनात काय काय येतं, हे इतक्या प्रामाणिकपणे लिहिलेलं फार थोडं आहे. पुढे आयसीयूमध्ये ड्युटी लागली की या पुस्तकाची आठवण यावी, अशी माझी इच्छा आहे.

मुलींना, आणि मुलांनाही, दोन चरित्रं आवर्जून सुचवेन. अंजली कीर्तने यांचं 'डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व' आणि मोहिनी वर्दे यांचं 'डॉ. रखमाबाई : एक आर्त'. आनंदीबाईंनी 1886 साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली आणि फेब्रुवारी 1887 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्या पुण्यात वारल्या. त्यांना प्रॅक्टिस करायला मिळालीच नाही. रखमाबाईंनी मात्र लहानपणीच लावून दिलेला, न बघितलेला संसार नाकारण्यासाठी कोर्टाची लढाई लढून, लंडनला वैद्यकीय शिक्षण घेऊन, नंतर सुरतेत आणि राजकोटला वर्षानुवर्षं रुग्णसेवा केली. आनंदीबाई सगळ्यांना माहीत आहेत, रखमाबाई मेडिकलच्या विद्यार्थ्यांनासुद्धा माहीत नसतात. याची मला खंत वाटते.

इथला सापळा : ही पुस्तकं वाचून एकदम भारावून जाणं आणि दोन महिन्यांनी ॲनाटमीच्या पहिल्या परीक्षेत नापास झाल्यावर एकदम खचणं. यातल्या प्रत्येकानं आधी तीच ॲनाटमी घोकली होती.

3. इंग्रजीची धास्ती वर्ग सुरू होण्याआधीच कमी करा

मराठी माध्यमाच्या मुलांचा पहिला महिना विषयात जात नाही, शब्दांत जातो. त्यावर दोन उपाय आहेत.

पहिला, शब्दांची मुळं पाठ करा. वैद्यकीय शब्द बहुतेक ग्रीक आणि लॅटिन तुकड्यांनी बनलेले असतात. 'हिपॅट' म्हणजे यकृताचं, 'नेफ्र' म्हणजे मूत्रपिंडाचं, 'आयटिस' म्हणजे दाह. 'एक्टमी' असेल तिथे काहीतरी काढून टाकलेलं असतं, 'ऑटमी' म्हणजे छेद, 'ऑस्टमी' म्हणजे तोंड करून ठेवणं. 'ट्रेकि' म्हणजे श्वासनलिकेचं, म्हणून ट्रेकिऑटमी आणि ट्रेकिऑस्टमी यांत फरक आहे. असे शंभरेक तुकडे आले की नवीन शब्द बघून घाम फुटत नाही. रोज पाच लिहा आणि प्रत्येकासमोर मराठी अर्थ लिहा.

दुसरा उपाय, एक इंग्रजी पुस्तक शेवटपर्यंत वाचा. त्यासाठी अतुल गावंडे यांचं 'बीइंग मॉर्टल' मी सुचवतो. इंग्रजी सोपं आणि स्वच्छ आहे, आणि एक धागा आपल्या मातीतला आहे : गावंडे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. आजोबा जवळपास 110 वर्षं जगले, शेवटपर्यंत घरच्यांमध्ये राहिले, आणि त्यांच्या म्हातारपणाची अमेरिकेतल्या म्हातारपणाशी केलेली तुलना पुस्तकाच्या सुरुवातीलाच येते. घरात आजी-आजोबा असतील तर हे पुस्तक तुम्हाला डोळ्यांपुढे घडताना दिसेल. त्यांच्याच 'बेटर'मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयातल्या सर्जनांवर लिहिलेली पानं आहेत. तुटपुंज्या साधनांत ते काय काय निभावून नेतात, हे वाचून मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांची मान नक्की ताठ होईल.

रोज अर्धा तास, मोठ्यानं वाचा. अडलेला प्रत्येक शब्द शोधत बसू नका. पानाला तीनच शोधा.

सिद्धार्थ मुखर्जी यांचं कर्करोगाचा इतिहास सांगणारं 'द एम्परर ऑफ ऑल मॅलडीज' अप्रतिम आहे, पण ते दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजी (रोगांमुळे शरीरात काय बिघडतं त्याचं शास्त्र) सुरू झाल्यावर घ्या. आत्ता घेतलंत तर शंभराव्या पानावर सोडून द्याल.

4. पहिल्या वर्षी विषयाला एकच पुस्तक

सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ इथे वाया जातात, म्हणून हे नीट वाचा.

पुस्तक घेण्याआधी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रमाच्या पुस्तिका उतरवून घ्या. त्या फुकट आहेत. प्रत्येक मुद्द्याला क्रमांक असतो : ॲनाटमीला (शरीररचना) 'एएन', फिजिऑलॉजीला (शरीराचं काम कसं चालतं ते) 'पीवाय', बायोकेमिस्ट्रीला (शरीरातलं रसायन) 'बीआय'. समोर अक्षरं असतात. 'के' म्हणजे माहीत हवं, 'केएच' म्हणजे कसं करतात ते माहीत हवं, 'एसएच' म्हणजे करून दाखवता यायला हवं आणि 'पी' म्हणजे स्वतःच्या स्वतः करता यायला हवं. कोणत्या प्रकरणावर किती जीव ओतायचा, हे त्यावरून ठरतं. 'एसएच' असलेली गोष्ट नुसती वाचून होत नाही, ती हातानं करावीच लागते.

ॲनाटमीला चौरसिया किंवा विश्राम सिंग, दोन्हीपैकी एक. चौरसियातल्या आकृत्या साध्या आहेत, परीक्षेत भराभर काढता येतात. सोबत नेटरचा ॲटलास ग्रंथालयातून. डिसेक्शनला जाताना कनिंगहॅमचं मॅन्युअल न्या आणि आदल्या रात्री त्या दिवसाची चार पानं वाचून जा. हे जे करतात ते टेबलाशी उभे राहून बघतात, बाकीचे नुसते उभे राहतात.

फिजिऑलॉजीला गायटन गोष्टीसारखा वाचता येतो. हृदय, मूत्रपिंड आणि श्वसन ही तीन प्रकरणं तरी त्यातूनच वाचा. उजळणीला आणि उत्तरं लिहायला ए. के. जैन. बायोकेमिस्ट्रीला वासुदेवन किंवा सत्यनारायण, जे ग्रंथालयात मोकळं असेल ते.

मूळ 'ग्रेज् ॲनाटमी' विकत घेऊ नका. पण एकदा ग्रंथालयात बसून ते चाळा, कारण त्याच्याशी आपलं नातं आहे. 1858 साली निघालेल्या त्या ग्रंथाची चित्रं काढणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर त्याच वर्षी मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले आणि पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. कुष्ठरोगावर आणि पायाला होणाऱ्या मदुरा रोगावर त्यांनी इथेच काम केलं. मुखपृष्ठावरचं नाव ग्रे यांचं, पण ज्या चित्रांमुळे ग्रंथ टिकला ती कार्टर यांची.

इथले सापळे : सीनियर सांगेल ते प्रत्येक पुस्तक घेणं. एका विषयाला तीन पुस्तकं घेऊन प्रत्येकाची पहिली दोन प्रकरणं वाचणं. टेलिग्रामवर आलेल्या चोरट्या पीडीएफचा ढीग फोनमध्ये साठवणं. त्या कोणी वाचत नाही, आणि आकृत्या तर दिसतही नाहीत. पुस्तक महाग वाटत असेल तर सीनियरकडून निम्म्या किमतीत घ्या किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी आवृत्ती बघा.

5. जुनी आवृत्ती कुठे चालते

ॲनाटमीची दहा वर्षांपूर्वीची आवृत्ती खुशाल घ्या, हाडं बदललेली नाहीत. फिजिऑलॉजीचीही चालते.

दुसऱ्या वर्षी रॉबिन्स (पॅथॉलॉजी), के. डी. त्रिपाठी (फार्मॅकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र) आणि अनंतनारायण-पणिकर (मायक्रोबायॉलॉजी) ही नेहमीची नावं. त्यात फार्मॅकॉलॉजी नवीच हवी. कम्युनिटी मेडिसिनच्या, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या 'पार्क' या पुस्तकाचं तर विचारूच नका. उदाहरण देतो. क्षयरोगाची औषधं आठवड्यातून तीनदा द्यायची पद्धत जाऊन 2017 मध्ये देशभर रोजची पद्धत आली आणि 2020 मध्ये कार्यक्रमाचं नावही बदलून राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम झालं. त्याआधीचा 'पार्क' वाचून तोंडी परीक्षेला गेलात तर पहिल्याच प्रश्नाला अडकाल. पेशंटला चुकीचं सांगाल, ते त्याहून वाईट.

6. वॉर्ड सुरू झाला की वाचनाची वेळ बदला

इथून पुढे सकाळी पेशंट आणि त्याच संध्याकाळी पुस्तक, हा क्रम मोडू नका.

पोस्टिंगच्या, म्हणजे वॉर्डातल्या पाळीच्या आधी हचिसनच्या 'क्लिनिकल मेथड्स'मधलं पेशंटच्या आजाराचा इतिहास विचारून घेण्याचं आणि सर्वसाधारण तपासणीचं प्रकरण वाचा. 1897 पासून विद्यार्थी हेच वाचत आलेत. केस मांडायला शिकण्यासाठी पी. जे. मेहता, सर्जरीला एस. दास. रोगाबद्दल वाचायला डेव्हिडसन पुरे. हॅरिसन हा संदर्भग्रंथ आहे. पेशंटबद्दल एखादी शंका राहिली की तेवढीच पानं उघडा.

समजा वॉर्डात संधिवाती तापानंतर हृदयाची झडप आकसलेली तरुण बाई आहे. संध्याकाळी तीन गोष्टी शोधा : तिला धाप का लागते, आज स्टेथोस्कोपमधून जे ऐकू आलं ते का येतं, आणि ती गरोदर राहिली तर काय होईल. पहिल्या दोन प्रश्नांसाठी फिजिऑलॉजी परत उघडावी लागते. तिसऱ्यासाठी प्रसूतिशास्त्राचं पुस्तक. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तिच्याकडे जा.

आणि हे सगळं तिला मराठीत सांगता येतं का, ते बघा. तीन वर्षं इंग्रजीत शिकून आपलीच मुलं पेशंटच्या नातेवाइकांसमोर अडखळतात, 'व्हॉल्व्ह ब्लॉक झालाय' म्हणून सुटका करून घेतात. त्यासाठी डॉ. श्याम अष्टेकर यांचं 'भारतवैद्यक' जवळ ठेवा. गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांसाठी लिहिलेलं आहे, त्यामुळे आजार साध्या मराठीत कसा समजावायचा याचे धडे पानोपानी मिळतात. वहीत रोज एका पेशंटचा आजार पाच मराठी वाक्यांत लिहा. इंटर्नशिपमध्ये याचा जितका उपयोग होतो तितका हॅरिसनचाही होत नाही, असं मी जबाबदारीनं सांगतो.

उपचारांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 'स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो' ही एकेक पानाची पत्रकं फुकट मिळतात. फोनमध्ये ठेवा.

7. शोधनिबंध वाचायला शिका

याला बहुतेक जण एमडीला गेल्यावर हात घालतात. फार उशीर होतो. दुसऱ्या वर्षापासून महिन्याला एक वाचा, आणि पहिला निबंध असा घ्या ज्याची गोष्ट तुम्हाला आधीच माहीत आहे.

'बॅरिस्टरचं कार्टं'मधल्या त्या खुणा आता उघडा. डॉ. बावस्करांचा विंचूदंशावरचा निबंध 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. इंटरनेटवर पूर्ण फुकट आहे. एका गटाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि विंचवाचं प्रतिविष, अशी तुलना आहे. प्रतिविषही मिळालेले पेशंट लवकर सावरले. वाचताना हे क्रमानं करा :

- शीर्षक आणि सारांश वाचा आणि बाजूला ठेवा.
- कोणते पेशंट घेतले आणि कोणते वगळले, ते शोधा.
- कोणाला कोणता उपचार, हे कसं ठरवलं ते पाहा. इथे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, यदृच्छेनं ठरवलं आहे.
- 'बरा झाला' हे कशावरून ठरवलं आणि किती तासांनी मोजलं?
- हा अभ्यास 'ओपन लेबल' आहे, म्हणजे कोणाला काय दिलंय हे डॉक्टरला माहीत होतं. त्यामुळे निष्कर्षावर काय परिणाम होऊ शकतो, यावर अर्धं पान लिहा.

दुसरा निबंध बंग दांपत्य आणि सहकाऱ्यांचा, 1999 च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला. गडचिरोलीच्या 39 गावांत गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, तुलनेसाठी 47 गावं होती. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी होते. इथे पेशंट नव्हे, गावं गटांत विभागली आहेत. त्यानं काय फरक पडतो, हा प्रश्न कम्युनिटी मेडिसिनच्या सरांना विचारा. चांगले सर खूश होतील आणि तासभर बोलतील.

ज्यांना या वाटेनं जायचंय त्यांनी जामखेडच्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांचं 'जामखेड' हे इंग्रजी पुस्तक शोधा. 1970 साली सुरू झालेल्या त्या कामात निरक्षर बायका आरोग्य कार्यकर्त्या कशा झाल्या, त्याची ती हकिगत आहे. वाचून झालं की सुटीत जामखेडला जाऊन या.

8. पैसा, कमिशन आणि नीतीबद्दलही वाचा

इंटर्नशिपच्या आधी एकदा तरी डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांचं 'डिसेंटिंग डायग्नोसिस' वाचा. खासगी वैद्यकीय व्यवसायातल्या गैरप्रकारांबद्दल डॉक्टरांनीच दिलेल्या मुलाखती त्यात आहेत. जाहिरात आणि कमिशनच्या साखळीत पहिल्या नोकरीतच ओढले जाल, तेव्हा नाही म्हणणारे आधी कोणी होऊन गेलेत हे माहीत असलेलं बरं. 1993 पासून मुंबईहून निघणारं 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' ऑनलाइन फुकट वाचता येतं. त्यातल्या प्रत्यक्ष प्रसंगांवरच्या चर्चा आधी वाचा, लांब लेख नंतर. अभ्यासक्रमात 'एटकॉम' नावाचा नीती आणि संवादाचा भाग आहे, त्याची पुस्तिका आयोगाच्या संकेतस्थळावर आहे. तो तास बुडवायची पद्धत पडली आहे, तुम्ही बुडवू नका. त्यातला एखादा प्रसंग घेऊन होस्टेलवर चार जण बसा, एकानं डॉक्टर व्हायचं, एकानं नातेवाईक, आणि बोलायचं मराठीतच.